ताकातली शांतता

एका गावात एक भोळा केरबा होता. 'जरा थांब' म्हटलं की तो संध्याकाळपर्यंत थांबायचा. त्याला कुणी कामाला ठेवेना, म्हणून बहिणीनं हातापाया पडून वृद्धाश्रमात चिकटवलं. म्हाताऱ्या माणसांना औषधं द्यायची, एवढंच काम. एवढ्याला अक्कल कशाला लागते, असं आश्रमाचे व्यवस्थापक भाऊसाहेब म्हणाले.

"केरबा, गोळ्या जेवणानंतर द्यायच्या. ध्यानात ठेव."

केरबानं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी एकादशी. आश्रमातल्या नानांचा कडक उपवास.

"केरबा, माझी रक्तदाबाची गोळी?"

"जेवण कुठं झालंय, नाना?"

"जेवण उद्या."

"मग गोळी उद्या."

संध्याकाळी नाना गरगरून भिंतीला टेकले. भाऊसाहेब कडाडले, "गाढवा, पोट रिकामं असलं तर आधी दूध-केळं द्यायचं, मग गोळी!"

केरबानं ध्यानात ठेवलं. सकाळी आंबूताईंची थायरॉइडची, उपाशीपोटीच घ्यायची गोळी होती. त्यांचं पोट रिकामं होतं. केरबानं आधी दूध पाजलं, केळं चारलं, मग गोळी दिली.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, औषधाआधी पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये!"

केरबानं तेही ध्यानात ठेवलं. नानांच्या गुडघ्याचं मलम दुकानातून यायचं होतं. केरबानं त्यांच्यापुढची पोह्यांची बशी उचलली.

"अरे, मलम गुडघ्याला लावायचंय! गुडघा पोहे खातो का?"

"औषधाआधी काही नाही, नाना."

मलम दुपारी आलं. तोवर नाना नुसते बशीकडे बघत बसले.

"ठोंब्या!" भाऊसाहेब ओरडले. "नियम घोकू नकोस. समोरचं माणूस काय करतंय ते बघ, आणि त्याप्रमाणे दे!"

हे तर केरबानं पक्कंच ध्यानात ठेवलं.

आश्रमाच्या पाटीवर 'शांत निवास' असं लिहिलेलं होतं. ती शांतता भाऊसाहेबांच्या कपाटात, बाटलीत असे. कोणत्या डॉक्टरनं लिहून दिली, हे कुणी विचारलं नाही. आंबूताई दिवसभर हाका मारायच्या, "माझी लेक कधी येणार?" मग भाऊसाहेब ताकात एक पांढरी गोळी विरघळवून द्यायचे. लेक यायची तेव्हा आंबूताई घोरत असायच्या. "बघा, किती समाधानी आहेत," भाऊसाहेब लेकीला सांगायचे. लेक डोळे पुसून परत जायची.

एके दिवशी तपासणीला साहेब येणार होते. नातेवाइकांनाही बोलावलं होतं. भाऊसाहेबांनी बाटली केरबाच्या हातात दिली.

"आज मला वेळ नाही. जो आरडाओरडा करील त्याला ताक. कोण, काय, विचारत बसायचं नाही."

आंबूताईंनी केरबाचा हात धरला. "आज तरी जागी राहू दे रे बाबा. लेकीशी दोन शब्द बोलायचेत."

"ओरडू नका, म्हणजे झालं."

आंबूताई पदर तोंडात धरून बसल्या.

साहेब आले, नातेवाईक आले. भाऊसाहेब गळ्यात हार घालून ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. "आमच्याकडे माया आहे! सेवा आहे! शांतता आहे!" खिडक्या हादरल्या. बाकी सगळे चिडीचूप होते.

केरबानं समोरचं माणूस बघितलं आणि ताक नेऊन दिलं. भाऊसाहेबांचा घसा कोरडा पडला होता. ते गटागट प्यायले. भाषण लांबतच गेलं. मग शब्द लांबायला लागले. "आमच्याकडे... शां..." म्हणत ते हारासकट खुर्चीत कलंडले.

आंबूताईंनी तोंडातला पदर काढला. "सुमे, आलीस?"

"आई! तू जागी आहेस?" लेक धावत आली.

साहेबांनी भाऊसाहेबांना हलवून बघितलं. "यांना काय झालं?"

"समाधानी आहेत, साहेब," केरबा म्हणाला.

"काय दिलंस?"

"ताक. गोळी घालून. ओरडणाऱ्याला हेच देतात इथं. आंबूताईंना तर रोज."

साहेब ताडकन उठले. "रोज? कुणाला विचारून? डॉक्टर कुठाय? ती बाटली आण इकडं!" त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

केरबानं साहेबांकडे नीट बघितलं. मग तो ताकाच्या भांड्याकडे वळला.

"साहेब, हळू बोला," नाना कुजबुजले. "तो पेला भरतोय."