टेकडीची सावली बुजते तेव्हा

बोरजाईचं तळं बुजलं आणि त्याच पावसाळ्यात शेजारच्या कुंभारआळीत कमरेएवढं पाणी शिरलं. तरीही महापालिकेच्या सुनावणीत बिल्डर खोपकरशेठ छाती पुढे काढून सांगत होते, "तिथं तळं कधी नव्हतंच! आमच्या टॉवरला परवानगी द्या."

नकाशा विभागातल्या वृंदाताई घोसाळकरांनी पडद्यावर उपग्रहानं टिपलेला सहा वर्षांपूर्वीचा फोटो लावला. टेकडीच्या पायथ्याशी भलामोठा काळा डाग दिसला. आळीतले लोक उठूनच उभे राहिले. "हेच आमचं तळं!"

"अहो, ही टेकडीची सावली!" शेठ खो खो हसले. "वरून सावली काळीच दिसते. एवढंही कळत नाही बाईंना?"

उपायुक्त विचारात पडले. आळीची माणसं पुन्हा खाली बसली.

"नक्की सावलीच ना, शेठ?" ताईंनी विचारलं.

"लेखी देतो!" शेठनी तिथल्या तिथं लिहून झोकात सही ठोकली.

ताईंनी तो कागद उपायुक्तांपुढे सरकवला आणि यंदाचा फोटो लावला. तोच उपग्रह, तोच मार्च महिना, तीच सकाळची साडेदहाची वेळ. डागाच्या जागी मात्र मुरमाचा तांबडा भराव!

"शेठ, भराव घातला की तळं बुजतं, हे मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "पण टेकडी जागच्या जागी असताना तिची सावली कशी बुजवलीत, तेवढं सांगा!"

दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. उपायुक्तांनी परवानगीचा अर्ज फेटाळला. शेठ खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले. ती होती तिथंच होती.