सरकारांचं ड्रिल आणि सुपारीची खाच

तिसरा कटर मोडला तेव्हा त्याचा तुकडा उडून थेट दिवाणसाहेबांच्या पगडीत रुतला. दोष अर्थातच सावळाराम मिस्त्रीचा ठरला. यंत्राच्या दांड्यावर हात खुद्द सरकारांचा होता, पण अशा गोष्टी दरबारी माणसांना दिसत नाहीत.

आंबेखिंडच्या सरकारांना यंत्रांचा भारी नाद. राजवाड्यामागच्या पागेतून घोडे हलवून त्यांनी आपलं घरगुती वर्कशॉप थाटलं होतं. त्यातलं भोकं पाडायचं विलायती पिलर ड्रिल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सध्या ते सुपारी कातरायचं यंत्र बनवत होते. सामान्य लोक मांडी घालून अडकित्त्यानं सुपारी कातरतात. सरकारांच्या यंत्रात मूठ फिरवायची आणि पातं पोलादी खाचेतून सरसर सरकणार. बाकी सगळं तयार होतं, फक्त खाच राहिली होती. अशी खाच पाडायला फिरत्या कटरखालून पोलाद बाजूनं सरकवत कापणारं मिलिंगचं यंत्र लागतं. ते सरकारांकडे नव्हतं, आणि जे सरकारांकडे नाही ते लागतच नाही, असा संस्थानात रिवाज होता.

"ड्रिलही फिरतं, मिलिंगचं यंत्रही फिरतं," सरकारांनी सुरुवातीलाच समजावलं होतं. "ड्रिलच्या चकाच्या पकडीत कटर धरायचा आणि पोलाद बाजूनं सरकवायचं. त्यात अवघड काय आहे?"

"काहीच नाही, सरकार," दिवाणसाहेब म्हणाले होते. तेव्हा पगडी शाबूत होती.

तिसरा कटर मोडल्यावर सावळारामनं हात जोडले. "सरकार, ह्ये यंत्र वरनं खाली दाबायसाठी केल्यालं हाय. बाजूनं जोर आला की चक सुटतोय, कटर मोडतोय."

"यंत्र माझं आहे, मिस्त्री. मी सांगेन त्या बाजूनं चालेल. दसऱ्याच्या दरबारात मला या यंत्रानं सुपारी कातरायची आहे. तोवर खाच झाली नाही, तर आवारातली खोली सोडायची आणि संस्थानची हद्दही."

सावळाराम मान खाली घालून घरी गेला आणि भांडी पोत्यात भरू लागला. त्याची लेक सगुणा त्याच्याच हाताखाली काम करायची. जिथे जन्म गेला ती खोली एका सुपारीपायी सोडायची! तिला भयंकर राग आला. आणि राग आला की सगुणाचं डोकं जास्तच चालायचं.

ती तडक सरकारांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, एक इचारू का?"

"विचार."

"खाच ह्याच ड्रिलवर करायची. दुसरं यंत्र न्हाई?"

"नाही. कानस नाही, छिन्नी नाही. हाताची कारागिरी मला नको."

"आन् खाच सरळ पायजे, पातं अडकाय नको. आनखी कायी?"

सरकारांनी दिवाणसाहेबांकडे पाहिलं. दिवाणसाहेबांनी खूप विचार केल्यासारखा चेहरा केला आणि "एवढंच" म्हणाले.

"मग हुतंय," सगुणा म्हणाली.

पागेत पोलादी पट्ट्यांचा ढीग पडला होता. सरकारांनी हौसेनं मागवलेल्या, एका मापाच्या, कारखान्यातूनच सरळ आणि गुळगुळीत कडांच्या. सगुणानं एक रुंद पट्टी खाली ठेवली. तिच्यावर मधोमध सुपारीचं पातं उभं केलं, पातं पुढे मोकळं सरकावं म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना कागद लावला आणि दोन जाड पट्ट्या दोन्हीकडून भिडवल्या. सगळं घट्ट आवळून तिनं ते ड्रिलखाली धरलं आणि पट्ट्यांमधून वरून खाली आरपार भोकं पाडली. ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरत होतं. मग भोकांत बोल्ट घालून पिळले, पातं आणि कागद काढून घेतले. सावळाराम पोतं तसंच टाकून बघत राहिला.

दसऱ्याला भर दरबारात सरकारांनी मूठ फिरवली. पातं खाचेतून सुळ्ळकन गेलं आणि सुपारीचे दोन तुकडे झाले. दरबारानं माना डोलावल्या.

"पाहिलंत?" सरकार फुलून गेले. "ड्रिलवर मिलिंग होत नाही म्हणे! मी पहिल्यापासून सांगत होतो."

"सरकारांची दृष्टीच तशी," दिवाणसाहेब म्हणाले आणि कौतुकानं यंत्र उलटं करून पाहू लागले. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. "सरकार, घात! ही खाच पाडलेलीच नाही. खाली बोल्ट आहेत. तीन तुकडे जोडलेत!"

दरबारानं डोलावलेल्या माना परत जागेवर आणल्या. 

"मला फसवतेस?" सरकार सगुणावर गरजले. "कुठे आहे माझी खाच?"

"आत्ता पातं गेलं की तिच्यातनं," सगुणा म्हणाली.  "भोकं ड्रिलनंच पाडलीत, सरकार. कानस न्हाई, छिन्नी न्हाई."

"पण पोलाद कापलं नाहीस!"

"खाच म्हंजे पोलाद नसल्याली जागा. आपण आधी पोलाद ठिवलं, मग ते काढाय गेला, म्हणून कटर मोडलं. मी तितं ठिवलंच न्हाई."

"हे मिलिंग नव्हे," दिवाणसाहेब फणकारले. "याला खाच म्हणत नाहीत."

सगुणानं दरबाराच्या भल्यामोठ्या दाराकडे बोट केलं. "दिवाणसाहेब, ह्यो दरवाजा गवंड्यानं कसा केला? आधी सबंध भिंत बांधली आन् मग आपल्याला आत यायला कोरत बसला?"

 सरकारांनी दाराकडे पाहिलं, हातातल्या यंत्राकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. मग ते असे खदखदून हसले की गादीवरून घसरायचे राहिले. सरकार हसताहेत याची खात्री झाल्यावर दरबारही हसला.

"मिस्त्री, खोली तुमची. कायमची," सरकार डोळे पुसत म्हणाले. "आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"एक मिलिंगचं यंत्र मागवा, सरकार."

"आता कशाला? खाच तर झाली."

"आपण त्याच्यावर भोकं पाडत बसाल," सगुणा म्हणाली, "तेवढंच आमचं ड्रिल वाचंल."

सरकार पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी दिवाणसाहेबांना यंत्र मागवायचा हुकूम दिला.