नियमात बसणारं एकच घर

पाणथळीकाठी एक सोसायटी होती. तिथे घरांचे नियम कडक होते: रंग गवताशी जुळणारा हवा, सामान इथलंच हवं, पाण्यात भराव नको. नियम लिहिले होते अध्यक्ष खासनीसांनी. त्यांचा स्वतःचा गुलाबी बंगला मात्र भरावावरच उभा होता.

एकदा ते सोसायटीतल्याच विशाखाच्या अंगणात आले. बाभळीला सुगरणीचा खोपा लटकला होता, आत पिल्लं चिवचिवत होती.

"हे विनापरवाना बांधकाम आजच पाडा!"

विशाखा शांतपणे म्हणाली, "काका, रंग गवताचाच, सामान इथलंच, भराव तर नाहीच. अख्ख्या सोसायटीत नियमात बसणारं हे एकच घर आहे. पाडायचंच तर नियम मोडणाऱ्यापासून सुरुवात करू. तो गुलाबी बंगला कुणाचा हो?"

खासनीस आल्या पावली परतले.

त्या वर्षी सोसायटीचा 'आदर्श घरा'चा मानाचा नारळ खोप्याला मिळाला. अध्यक्षांनीच तो बाभळीखाली ठेवला. घरमालकीण काही आली नाही. ती पिल्लांसाठी किडे शोधत होती.