पाटीवरचं पहिलं नाव

इंगवले साहेब शाळेच्या संस्थेचे सचिव. पाण्याची टाकी असो की सायकल स्टँड, पाटीवर पहिलं नाव त्यांचंच लागे. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर नवी सिस्टीम टाकली, तेव्हाही त्यांनी बजावलं, "मुख्य नाव माझंच घाला."

सुट्टी संपली त्या सोमवारी दहावीचे अर्ज पाठवायची मुदत पाचला संपणार होती. भरून ठेवलेले एकशे बारा अर्ज ज्या फोल्डरमध्ये होते, ते उघडेना. 'परवानगी नाही' एवढंच पडद्यावर येई. सव्वाचारला सचिव तणतणत आले.

"कासारबाई, पगारवाढ नाकारली त्याचा राग मुलांवर काढता होय? कुलूप तुम्हीच लावलंत. अर्ज गेले नाहीत तर उद्यापासून घरी बसा!"

बावीस वर्षं लेखनिक असलेल्या बाईंचा आवाज शांत होता. "साहेब, कुलूप लावणाऱ्याकडे किल्ली असतेच ना?"

"असणारच! काढा बाहेर."

बाईंनी सगळ्यांसमोर आपल्या नावाने फोल्डर उघडून पाहिलं. उघडलं नाही. मुख्याध्यापकांच्या नावानेही नाही. मग त्या खुर्चीवरून उठल्या. "आता तुमच्या नावाने बघा."

सचिवांनी एका बोटाने पासवर्ड टाकला. फोल्डर चटकन उघडलं.

"म्हणजे... मी लावलं कुलूप?"

"नाही साहेब. नव्या सिस्टीमच्या पाटीवर तुमचं नाव चढलं, तेव्हा परवानगीच्या यादीतून आमची पुसली गेली. आता तुमच्याच हाताने परत लिहा. साडेचार वाजलेत."

सचिवांनी यादीत बाईंचं आणि मुख्याध्यापकांचं नाव टाइप केलं. शेवटचा अर्ज गेला, तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं कमी होती.