साकरवेलीचं विरजण

या, सरका जवळ. पाय पांघरुणात घ्या. आणि मध्ये मध्ये चुळबुळ केलीत तर गोष्ट अर्ध्यात टाकून मी घोरायला लागेन, आधीच सांगून ठेवते.

एकदा काय झालं, साकरवेल नावाचं एक नगर होतं. नदीकाठी सुरू व्हायचं आणि टेकडीवर चढत जायचं. सात आळ्या, आणि सगळ्यात वर राजाचा महाल. घरं सगळी धाब्याची, म्हणजे वर मातीची सपाट गच्ची. आणि एकाला एक अशी चिकटलेली, की पहिल्या आळीतली मांजर पाय खाली न टेकवता महालाच्या मुदपाकखान्यात जाऊन यायची.

नगरात गाईम्हशी उदंड होत्या. घरोघरी दूध, घरोघरी दही. दही कसं लागतं, ठाऊक आहे ना? कोमट दुधात कालचं चमचाभर दही घालायचं. त्या चमचाभराला म्हणायचं विरजण. ते ठेवायचं विसरलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. "विरजण आहे का गं?" "आहे की, ने." संपलं बोलणं. त्याचे कुणी पैसे घेत नाही आणि कुणी आभारही मानत नाही. साकरवेलीच्या बायका तर रोजच विसरायच्या. मडकं निपटून वाढायच्या. शेजारी असतंच की, म्हणायच्या. आणि ती शेजारीण म्हणायची, माझ्या शेजारी असतंच की.

मग एका उन्हाळ्यात साथ आली.

कुठून आली, कुणाला कळलं नाही. तिला रंग नव्हता, वास नव्हता, पायांचा आवाज नव्हता. एकाच्या श्वासातून निघायची आणि दुसऱ्याच्या श्वासात शिरायची. राजानं दवंडी पिटली. वेशी बंद, बाजार बंद. उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. माणसानं माणसापासून बारा हात लांब राहायचं. मग एवढं मोठं नगर गप्प झालं, बरं का. माग थांबले, घाणे थांबले, तांबटांच्या हातोड्या थांबल्या. आणि लोकांना नदीचा आवाज ऐकू यायला लागला. जन्म काठावर गेला होता त्यांचा, पण तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्या म्हणाल्या, अगं बाई, ही बोलते होय.

गवळी तेवढे यायचे. बाहेरूनच पन्हळीनं दूध आतल्या भांड्यात सोडायचे आणि पुढं जायचे.

पहिल्या आळीत शेवटून दुसरं घर होतं मथुरा साळिणीचं. नवरा लुगडी विकायला परमुलखात गेला होता, तो वेशीबाहेरच अडकला. घरात मथुरा आणि तिची सहा वर्षांची लेक, बकुळी. आणि एक दिवस बकुळीला ताप चढला.

नऊ दिवस पोर तापली. मथुरेनं नऊ दिवस कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. दहाव्या दिवशी ताप गेला, पण पोरीच्या पोटात काही ठरेना. भात उलटला, पेज उलटली, दूध उलटलं. असे तीन दिवस गेले. पोर अंथरुणात दिसेनाशी झाली. मग वैद्यबुवा आले आणि रस्त्यात उभे राहून म्हणाले, "ताप उतरला, मथुरा. आता ताकाचा घोट पोटात ठरला तर पोर उठून बसेल. नाही ठरला, तर माझ्या बटव्यात दुसरं काही नाही."

मथुरा म्हणाली, "ताकच ना? आत्ता करते." आणि आत गेली.

मडकं निपटलेलं.

ती घाबरली नाही. शेजारी असतंच की. गच्चीवर चढली आणि डाव्या हाताच्या गच्चीकडे हाक मारली, "विरजण आहे का गं?" ती शेजारीण खाली जाऊन आली. तिचंही मडकं निपटलेलं. मग तिनं पुढच्या गच्चीला विचारलं, त्या गच्चीनं तिच्या पुढच्या. हाक निघाली. पहिली आळी संपली, दुसरी चढली, तिसरी चढली. सगळ्या बायका आपापल्या मडक्यात डोकावत होत्या आणि झाकण परत ठेवत होत्या. कारण सगळ्यांनी एकच चूक केली होती, आणि सगळ्यांनी एकमेकींच्या भरवशावर केली होती. सातवी आळी ओलांडून हाक महालात पोचली. राजानं मुदपाक्याला बोलावलं. मुदपाक्यानं सोन्याची सात मडकी उघडून दाखवली. सातही रिकामी.

राजा म्हणाला, "मग आमच्या ताटात रोज दही कुठून यायचं?"

"महाराज, विरजण खालच्या आळ्यांतून मागून आणायचो."

"आणि आपण त्यांना त्याचं काय द्यायचो?"

मुदपाकी खाली बघायला लागला. मग राजाही खाली बघायला लागला. साऱ्या साकरवेलीत दूध उतू जात होतं आणि विरजणाचा थेंब नव्हता.

काय म्हणतेस? मिरचीच्या देठांनीही दही लागतं? हुशार आहेस. पण साकरवेलीत मिरच्या देठ खुडूनच डब्यात भरायच्या, आणि बाजार तर बंद. आता गप्प बस.

मग मथुरेनं तीन उपाय केले. पहिल्यांदा दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं. आणि तेव्हा एक नवल झालं. अंथरुणातून बकुळी बारीक आवाजात म्हणाली, "आई, दूध रडतंय. लिंबू त्याच्यावर ओरडलं." मथुरेला वाटलं, पोर तापात बरळते आहे. अंगाला हात लावून बघितला, तर अंग थंडगार. दुसऱ्यांदा तिनं चिंचेचं बुटुक टाकलं. दूध आंबट होऊन नासलं. बकुळी म्हणाली, "चिंच त्याच्याशी खोटं बोलली गं." तिसऱ्यांदा राजानं चांदीचा रुपया धाडला, कुणीतरी सांगितलं होतं त्याला की चांदीनं दही लागतं. तो रुपया चिमट्यात धरून, उकळत्या पाण्यात बुडवून, गच्चीवरून गच्चीवर करत खाली आला. मथुरेनं तो कोमट दुधात सोडला. प्रहरभर वाट बघितली. दूध होतं तसं दूधच.

बकुळी म्हणाली, "आई, हा पाहुणा नुसता चमकतो म्हणे. त्याला काही येत नाही."

मथुरा मडक्यापुढं मटकन बसली. म्हणाली, "मग विचार बाई त्याला, तुला हवंय तरी कोण?"

बकुळीनं डोळे मिटून ऐकलं. आजारानं कान इतके हलके झाले होते तिचे, की तिला सगळं ऐकू यायचं. म्हणाली, "दूध म्हणतंय, दही कसं व्हायचं ते मला ठाऊक नाही. जे आधी होऊन आलंय, त्याला माझ्याजवळ बसवा. ते सांगेल."

आता मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती. मथुरेचं घर शेवटून दुसरं, हे सांगितलं. शेवटचं घर कुणाचं, हे सांगितलं नाही. ते होतं गिरजामावशीचं. तांबटाची विधवा, एकटीच राहायची. तिच्या पलीकडे नगराची तटबंदी, म्हणजे तिला शेजार काय तो मथुरेचाच. आणि दोघी वर्षभर बोलत नव्हत्या. गेल्या उन्हाळ्यात मथुरेनं मागाखालची चटई गच्चीवर झटकली आणि सुताची सगळी तूस मावशीच्या ओल्या कुरडयांवर जाऊन बसली. एवढंच कारण. पण एक शब्द हिनं टाकला, दोन तिनं टाकले. मावशी म्हणाली, तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. मथुरा म्हणाली, पाजतंय कोण.

म्हणून हाक डाव्या हाताला गेली होती, बरं का. साऱ्या नगराला विचारून झालं, राजाला विचारून झालं. एका उजव्या भिंतीला तेवढं विचारलं नव्हतं.

मथुरा गच्चीवर गेली. उजवीकडे तोंड केलं. लाज वाटत होती. तरी हाक मारली. "मावशी!" कुणी आलं नाही. चाळीस वर्षं नवऱ्याची हातोडी ऐकून मावशीचे कान गेलेले. नगरभर फिरलेली हाकसुद्धा तिला ऐकू आली नव्हती. मग मथुरेनं तांब्याचा हंडा वर आणला आणि लाटण्यानं वाजवायला लागली. ठण ठण ठण. कानांना नाही कळलं, पण ते ठोके भिंतीतून मावशीच्या पाठीला कळले. ती भिंतीला टेकून बसली होती. तांब्यावरचा ठोका ओळखणार नाही तर ती तांबटीण कसली? उठली, धडपडत वर आली.

 बोललेलं मावशीला ऐकू कुठं जाणार होतं? मथुरेनं फक्त रिकामी वाटी पुढं धरली. रिकामी वाटी धरून दारात उभ्या राहिलेल्या बाईला काय हवं असतं, हे साऱ्या मुलखातल्या बायकांना कळतं.

मावशीनं वाटीकडे पाहिलं. मथुरेकडे पाहिलं. आणि तोंड फिरवून खाली निघून गेली.

मथुरा वाटी धरून तिथंच उभी राहिली. आता कुणाकडे जाणार होती ती?

पण मावशी परत आली. हातात पळसाचा द्रोण होता. तिनं तो मधल्या कठड्यावर ठेवला, बारा हात मागं सरली, आणि बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यानं बोलली, "नेतेस, की बघत बसतेस? माझ्याकडे असणारच. तुझ्याशी बोलणं बंद, मग विसरून चालेल मला? मागायला जाऊ कुणाकडे? वर्षभर पहिला चमचा काढून ठेवते आणि मग जेवते. पोरगी कशी आहे?"

मथुरेनं हात हलवून सांगितलं, नाही बरी. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला जवळ जाता येत नव्हतं, म्हणून आपापलं पुसलं.

सकाळच्या उन्हात मथुरेनं दूध कोमट केलं. त्यात तो चमचा सोडला. मडक्याला फडकं गुंडाळलं आणि पुढं बसली. बकुळी म्हणाली, "आई, हलू नको. ते बोलतंय."

आता नीट ऐका. दुधाचं दही होताना तुम्ही कधी पाहिलंय? कुणीच पाहिलेलं नाही. साऱ्या जन्मात मी हजारो वेळा विरजण लावलं, पण तो क्षण काही मला दिसला नाही. मथुरा तर डोळ्यांत तेल घालून बसली होती. आणि पोरगी ऐकून ऐकून सांगत होती. "दही म्हणतंय, घाबरू नको. म्हणतंय, आपण गिरजेच्या घरून आलो. गिरजेला तिच्या सासूनं दिलं. सासूला शेजारच्या राधाईनं दिलं."

मथुरेच्या अंगावर काटा आला. राधाई म्हणजे तिच्या नवऱ्याची आजी. बकुळीनं हे नाव कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

"आणि आई, राधाईनं दिलं तेव्हाही साथ होती म्हणे. तेव्हाही दारं बंद होती. त्याच्या आधीही एकदा. दही म्हणतंय, आपण चार साथी पाहिल्या. चारही गेल्या. आपण आहोत."

मथुरेनं हात जोडले. कुणाला जोडले, तिलाच कळलं नाही. डोळे मिटले असतील निमिषभर. उघडून पाहते तो मडक्यात दही. घट्ट, पांढरंशुभ्र, काठाला कुठं हललेलं नाही.

तिनं आधी पहिला चमचा काढून बाजूला ठेवला. मग रवीनं ताक केलं, चिमूटभर मीठ घातलं. पहिला घोट दिला, तो पोरीनं उलटला. दुसरा दिला, तो ठरला. तिसरा द्यायच्या आधीच बकुळीनं वाटीला हात घातला.

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. आणि तो बाजूला ठेवलेला चमचा डाव्या कठड्यावर गेला, द्रोणातून, बारा हात राखून. एका मडक्यातून सात मडकी लागली, सातांची एकोणपन्नास झाली. तिसऱ्या दिवशी साऱ्या सात आळ्यांत दही होतं आणि महालातल्या सोन्याच्या मडक्यातही होतं. एवढ्याशा द्रोणात सारं नगर मावलं होतं, आणि द्रोण देणाऱ्या मावशीच्या मडक्यातलं काही कमी झालं नव्हतं.

राजानं पहिला घास घेतला आणि तो गच्चीवर आला. विचारलं, "हे कुणी दिलं? मला हात जोडायचे आहेत." सातव्या आळीनं सहावीकडे बोट केलं. सहावीनं पाचवीकडे. बोटं उतरत उतरत मथुरेपाशी आली. मथुरेनं गिरजामावशीकडे केलं. गिरजामावशीनं आभाळाकडे केलं, जिकडे तिची सासू गेली होती. राजा वर बघत राहिला. इतके हात आपल्या ताटाला लागलेत, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग त्यानं मुकुट काढून ठेवला आणि चारी दिशांना हात जोडले.

साथ आणखी दोन महिने राहिली. सगळे वाचले असं नाही, बरं का. खोटं कशाला सांगू? काही घरांत माणसं गेली. त्या घरांच्या उंबऱ्यावर रोज कुणीतरी द्रोण ठेवून जायचं, आणि आतून कुणीतरी तो उचलायचं. मग एक दिवस साथ आली तशी गेली. वेशी उघडल्या. बकुळीचा बाबा घरी आला. मथुरा आणि गिरजामावशी दर उन्हाळ्यात एकाच गच्चीवर कुरडया घालायला लागल्या, आणि चटई कुणी कुठं झटकायची यावरून रोज भांडायला लागल्या. अशी साकरवेलीची माणसं दहीभात खाऊन, एकमेकांना हाका मारून सुखानं राहिली.

आता निजा. आवाज करू नका. आत चुलीपाशी मी आत्ताच विरजण लावून आले आहे. ते दुधाला नावं सांगत असेल, एकेक करून, माझ्या सासूचं, तिच्या सासूचं, पलीकडच्या काकूंचं. दुधाला ती ऐकू देत.