बंकटने दुरुस्ती उतरवली

एका गावात एक दूध संघ होता आणि त्या संघात बंकट नावाचा एक भोळा माणूस कामाला होता. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तीच होती.

संघाच्या माडीवर एक कॉम्प्युटर होता. त्यात तो चालवणारं युनिक्स होतं. युनिक्स म्हणजे काय ते बंकटला ठाऊक नव्हतं, पण रोज सकाळी तो त्याला उदबत्ती ओवाळी. कोणी किती दूध घातलं, त्यात पाणी किती, ते त्यात नोंदवलं जाई. एके दिवशी त्यात बिघाड झाला आणि तो प्रत्येकाच्या दुधात पाणी दाखवू लागला. काहींच्या बाबतीत ते खरंच होतं, पण चिडले सगळेच.

मॅनेजर कुसुमताई म्हणाल्या, "रविवारी सभा आहे. तोवर हे नीट झालं नाही, तर लोक मला कॅनमध्ये बुडवतील."

त्यांनी शहरातल्या फारूकभाईंना फोन लावला. कॉम्प्युटर त्यांनीच बसवला होता. फारूकभाई फोनवर बंकटला म्हणाले, "घाबरू नको. कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवर दुरुस्त्या ठेवलेल्या असतात. आपली शोध आणि खाली उतरवून घे."

बंकटने कॉम्प्युटर उचलला आणि जिना उतरून खाली आणला. वायरी वरच राहिल्या.

"हे काय रे?" ताईंनी विचारलं.

"खाली उतरवून घ्यायची म्हणाले ना! वर बसून खाली कशी उतरेल?"

कॉम्प्युटर परत वर गेला. फारूकभाईंनी फोनवर कपाळाला हात लावला. तो बंकटला दिसला नाही. "अरे, मशीन नाही, दुरुस्ती उतरवायची! आणि ऐक, काहीही उतरवायच्या आधी नंबर बघ. मशीनच्या नंबराशी जुळला तरच घे. नाही जुळला तर परत पाठव."

"बरं."

तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. ताई म्हणाल्या, "बंकट, कॅन उतरवून घे." बंकटने टेम्पोचा नंबर बघितला. माडीवर जाऊन मशीनचा नंबर बघितला. खाली येऊन टेम्पो परत पाठवला.

"नंबर जुळला नाही," तो ताईंना म्हणाला. "मशीनचा फारच लांब आहे."

ताई रडकुंडीला आल्या. "अरे, ते आपल्याच लोकांचं दूध होतं! आपल्या लोकांकडून आलेलं काही विचारायचं नाही, मुकाट्यानं आत घ्यायचं!"

"बरं."

बंकट माडीवर गेला. कंपनीच्या साइटवर दुरुस्त्यांची रांगच होती. या मशीनच्या, त्या मशीनच्या, जुन्या, नव्या. कॉम्प्युटर आपला, म्हणजे कंपनी आपलीच. त्याने काही विचारलं नाही. सगळ्या आत घेतल्या. कॉम्प्युटर गच्च भरला, घरघरला आणि गप्प झाला.

फारूकभाईंना गाडी काढून यावं लागलं. त्यांनी नको ते सगळं पुसलं. दुरुस्ती बसवायला थांबायला वेळ नव्हता, म्हणून निघताना बंकटला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "नवीन काही बसवायचं असलं की आधी सगळं बंद करायचं. सगळ्यांना बाहेर काढायचं. मगच बसवायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी त्याच्या हातात एक नवं घड्याळ दिलं. "जरा भिंतीवर बसव."

बंकटने दिवे, पंखे बंद केले. दूध थंड करायचं यंत्र बंद केलं. कारकुनांना बाहेर काढलं. ताईंना बाहेर काढलं. दाराला आतून कडी घातली. भिंतीत खिळा काही केल्या जाईना. ऊन वर चढलं. ताई दार बडवत होत्या, आणि बंकट आतून ओरडत होता, "अजून बसलं नाही!"

घड्याळ बसलं तोवर संघाचं दूध आंबलं होतं. त्या दिवशी संघाने दही विकलं.

"तुला घरी पाठवलं असतं," ताई म्हणाल्या, "पण त्या मशीनपाशी बसायला दुसरं कोणी तयार होत नाही."

बंकटला फार वाईट वाटलं. तो दिवसभर जेवला नाही. मग त्याने पुन्हा दुरुस्ती शोधली. नंबर मशीनचा जुळवला, बंद फक्त मशीनवरची कामं केली आणि दुरुस्ती बसवली. ती बसली आणि प्रिंटर बंद पडला.

त्याने घाबरत फोन लावला. फारूकभाई म्हणाले, "चालायचंच. नवीन बसवल्यावर काही बंद पडलं, तर नवीन काढायचं आणि जुनं होतं ते परत बसवायचं. सगळं पहिल्यासारखं होतं."

बंकटने तसं केलं. प्रिंटर सुरू झाला. फारूकभाईंनी मग दुसरी दुरुस्ती सुचवली, ती नीट बसली. ज्याच्या दुधात पाणी होतं त्याच्याच दुधात ते दिसू लागलं. ताईंनी बंकटची पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी थोपटली होती, म्हणून तो शर्ट त्याने धुवायला टाकला नाही.

रविवारी सभा भरली. जुने चेअरमन आबासाहेब निवडणूक हरले होते आणि कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते. नवे चेअरमन भानुदासराव हार घालून खुर्चीत बसले. त्यांनी माईक पुढे ओढला, "बंधूंनो" म्हणाले, आणि माईक बंद पडला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. ताई घाबरल्या. बंकट मात्र घाबरला नाही.

तो उठला. त्याने भानुदासरावांच्या काखेत हात घालून त्यांना खुर्चीतून काढलं. आबासाहेबांना दंडाला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. भानुदासरावांचा हारही काढून आबासाहेबांना घातला. एवढ्या ओढाताणीत माईकची सुटलेली वायर त्याच्या पायाने आत गेली, आणि माईक सुरू झाला.

आबासाहेबांनी लगेच घसा खाकरला.

"मंडळी, काळजी करू नका," बंकट माईकमध्ये म्हणाला. "आता सगळं पहिल्यासारखं झालं."