टिटवीभोवतीची निशाणं

गोल्फचं मैदान नवं होतं आणि कोंबड्या मनातलं बोलून दाखवत, तेव्हाची गोष्ट. मैदानालगतच्या बंगल्याच्या परसात तांबडी कोंबडी अंड्यांवर बसून जळफळत होती. पलीकडे हिरवळीवर टिटवीने अंडी घातली, तर खेळाडूंनी भोवती चार निशाणं रोवली आणि ते वळसा घालून खेळू लागले. इथे मात्र रोज चेंडू पडे आणि तो न्यायला कोणीही न विचारता कुंपण ओलांडून येई. कालच एका बुटाखाली तिची दोन अंडी फुटली होती.

"मोठी महाराणीच लागून गेलीस!" तिने कुंपणाआडून टिटवीला टोमणा मारला.

"अगं तांबडे, पहिला बूट जवळ आला तेव्हा मी थेट बूटवाल्याच्या टोपीवर झेपावले, सगळं मैदान डोक्यावर घेतलं. तुझी अंडी फुटली, तेव्हा तू कुणावर ओरडलीस?"

तांबडी टिटवीवरच ओरडली होती.

तेवढ्यात परसात चेंडू पडला, पाठोपाठ कुंपणावरून एक पाय आत आला. तांबडी पंख फुलवून त्या नडगीवर तुटून पडली. पाय कळवळत मागे गेला.

थोड्या वेळाने बंगल्याच्या फाटकाची कडी वाजली.

"आत येऊ का? आमचा चेंडू पडलाय."